पाचोळा झाडण्याची आज्ञा

एकदा एक ज्ञानी म्हातारा होता, आणि या गोष्टीत जे वाईट घडलं त्याचा दोषी तोच. शिष्य नाही, हिरड्याचा व्यापारी नाही, आणि ते एवढंसं पाखरू तर नाहीच. हे आरंभीच सांगून टाकलेलं बरं. अशा गोष्टी वडीलधारी माणसं सांगतात तेव्हा खापर शेवटी तरुणाच्या डोक्यावर फुटतं, आणि ऐकणारे समाधानाने माना हलवत घरी जातात.

म्हातारा ढोंगी असता तर काम सोपं होतं. तो ढोंगी नव्हता. घाटमाथ्यावर एका देवराईच्या काठाशी त्याचा लहानसा मठ होता. देवाच्या नावाने राखलेलं ते रान. तिथे कुऱ्हाड चालत नसे, आणि वाळून पडलेलं पानसुद्धा कुणी उचलून नेत नसे. कित्येक पिढ्यांचा पाचोळा तिथे थरावर थर साचला होता. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत जायचं.

त्या पाचोळ्यात, करवंदीच्या आणि कारवीच्या जाळ्यांखाली, एक पाखरू राहायचं. चिमणीएवढं. पाठ वाळक्या पानाच्या रंगाची, गळा पांढरा, छातीवर तपकिरी रेघोट्या. उडण्याचा त्याला कंटाळा असावा, ते चालायचं. चोचीने एक पान उलटायचं, खालचा किडा नाहीतर कोळी टिपायचा, मग पुढचं पान. दाणा त्याने कधी तोंडात धरला नाही. गावातल्या सगळ्यांनी त्याची शीळ ऐकली होती, पण एरवी पाहिलं असेल ते दोघा-चौघांनी. माणसाची चाहूल लागली की ते पाचोळ्यात पाचोळा होऊन जाई.

म्हाताऱ्याजवळ मात्र ते यायचं. रोज पहाटे तो देवराईच्या तोंडाशी एका सपाट दगडावर बसे. नुसता बसे. त्याने वर्षानुवर्षं खपून एकच विद्या मिळवली होती, ती अशी बसण्याची. श्वास मंद होत जाई, खांद्यांतला ताण उतरे, आणि मग काही वेळाने रान त्या माणसाला विसरून जाई. पाखरू जाळीतून बाहेर पडे आणि त्याच्यापासून दोन हातांवर पानं उलटत फिरे. लोक लांबून, श्वास रोखून बघत. चार तालुक्यांत म्हाताऱ्याचं नाव झालं ते यामुळे.

"हे पाखरू माझ्याकडे येत नाही," तो लोकांना सांगे. "जिथे 'मी' उरलेला नाही, तिथे ते येतं."

बोलणं सुंदर होतं. खोटंही नव्हतं, निदान तेव्हा.

त्याला एकच शिष्य होता. तसे पायाला हात लावणारे पुष्कळ, पण पहाटे थंडीत उठून दगडावर बसायचं म्हटलं की एकेकाला घरची कामं आठवत. हा एकटा टिकला. खालच्या खोऱ्यातला पोरगा, घर सोडून आलेला. बापाने सांगितलं होतं, रिकाम्या हाताने परत आलास तर उंबरा ओलांडू नकोस. रिकामा हात म्हणजे काय, हेही त्या भागात ठरलेलं होतं. चैत्रातल्या उत्सवात गुरूने शिष्याच्या डोक्यावर हात ठेवून सर्वांदेखत अनुज्ञा द्यायची, की आता हा स्वतः शिकवू शकतो. ती मिळाली तर माणूस मिळवून आला. नाही मिळाली तर इतकी वर्षं फुकट खाल्लं.

म्हाताऱ्याने त्याला मनापासून शिकवलं. हेही लिहून ठेवायला हवं, कारण पुढचं त्यामुळेच जास्त लागतं. पाठ कुठे सैल सोडायची, नजर कशी कशावरच ठेवायची नाही, पायाला मुंग्या आल्या तर त्यांच्याशी भांडण का करायचं नाही, सगळं सांगितलं. पाखराच्या सवयी सांगितल्या. प्रवचनात तर तो डोळे मिटून म्हणे, "सगळीकडे जिंकावं, पण शिष्याकडून हरावं. त्या हरण्यासारखं सुख नाही." बाया पदराने डोळे पुसत.

बोलताना मोठं सोपं असतं ते. शिष्य अजून मागे असतो तेव्हा.

माघ संपत आला तेव्हा एका पहाटे म्हातारा म्हणाला, "बाळ, तुझा श्वास मला ऐकू येतो. तू दगडावर नको बसूस. तिकडे करवंदीच्या जाळीशी बस."

शिष्य उठून तिकडे गेला. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं असेल. त्याचं काहीही चुकलं नव्हतं. येणारी माणसं आता एकाच्या ऐवजी दोघांकडे बघायला लागली होती, एवढंच झालं होतं.

फाल्गुन लागला. झाडं पानं टाकू लागली. आणि पाखरू दगडाकडे येईनासं झालं. ते करवंदीच्या जाळीशी येऊ लागलं. शिष्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. मग एक दिवस ते सरळ त्याच्या पावलावरून चालत गेलं, जसं एखाद्या मुळावरून जावं तसं. म्हाताऱ्याला इतक्या वर्षांत त्याने एकदाही स्पर्श केला नव्हता.

त्या दिवशी हिरड्याचा व्यापारी आलेला होता. गलेलठ्ठ, भाबडा, तोंडाने सैल माणूस. मठाला तेल-तांदूळ तोच पुरवी आणि येताना नवी नवी माणसं दाखवायला घेऊन येई. त्याने पाहिलं, पाखरू चोचीत एक वाळकं पान धरून आलं, शिष्याच्या पायाशी ते टाकलं, दुसरं लांबडं पान उचललं आणि जाळीत शिरलं.

"महाराज!" व्यापारी कुजबुजायच्या बेताने ओरडला. "बघितलंत? पान वाहिलं हो त्यानं! बेल वाहावा तसं! तुमच्या समोर ते नुसतं येतं. ह्याची तर पूजा करतंय!" आणि वर हसून म्हणाला, "तुम्ही प्रवचनात सांगता ना, शिष्याकडून हरावं? हरलात बघा महाराज. भाग्यवान आहात."

सोबतची माणसं कौतुकाने हसली. म्हाताराही हसला. त्या हसण्यात दात दिसले, डोळे काही हसले नाहीत.

आपल्याकडे असं मानतात की हेवा तरुणांना वाटतो, म्हाताऱ्यांना फक्त काळजी वाटते. त्यामुळे म्हाताऱ्याला जे झालं त्याला मठात कुणी नाव दिलं नाही. त्याला अन्न जाईना, तेव्हा म्हणाले पित्त. चिडू लागला, तेव्हा म्हणाले उपवास लागला असेल. खरं असं होतं की त्याला सगळीकडे तो पोरगा दिसू लागला होता. पोराची ताठ मान दिसे. दाराशी आलेल्या बाया आधी कुणाला वाकतात ते दिसे. पंक्तीत भात वाढताना वाढणारीचा हात कुणाच्या पानाशी रेंगाळला तेही दिसे. पोरगा शांत बसला की वाटे, दाखवतोय. बोलला की वाटे, माझेच शब्द मला ऐकवतोय. आणि रोज पहाटे दगडावर डोळे मिटून बसला की सगळं अंग कान होऊन करवंदीच्या दिशेला लागे. खसखस झाली की तो चोरून एक डोळा उघडून बघे.

असा माणूस स्थिर बसू शकत नाही. रान त्याला विसरेना, कारण तो स्वतःला क्षणभर विसरत नव्हता. हे त्याला कळत होतं. सगळ्यांत वाईट ते तेच. जी विद्या त्याने पोराला दिली होती तिच्यानेच त्याला कळत होतं.

आधी त्याने शिष्याला उपरणं दिलं. नवं कोरं, कांजी करून कडक केलेलं, स्वतःच्या हाताने खांद्यावर घातलेलं.

"हे पहाटे घेऊन बसत जा. प्रसाद आहे."

शिष्याचे डोळे भरून आले. लोकांनी म्हटलं, अनुज्ञा मिळणार, ही तिचीच खूण. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उपरणं श्वासागणिक कागदासारखं वाजत होतं. पाखरू आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. म्हातारा त्या दोन्ही दिवशी पोटभर जेवला. मग दवाने आणि धुण्याने उपरण्याची कांजी गेली, कापड मऊ पडलं आणि पाखरू परत शिष्याच्या पायाशी फिरू लागलं.

तेव्हा म्हाताऱ्याने आज्ञा केली.

"उत्सवाला माणसं येतील. देवराईतला पाचोळा झाडून काढ. दगडापासून करवंदीपर्यंत सगळा. गावाला देऊन टाक, राबाला होईल."

पावसाळ्याआधी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला पाला-पाचोळा जाळतात, तो राब. पाला मिळवायला गावातल्या बाया मैल मैल हिंडत. देवराईचा मात्र आजवर कुणी मागितला नव्हता.

मठात स्वयंपाक करणारी भिवराकाकी चुलीपुढून उठून बाहेर आली. ती देवराईच्या गुरवाची विधवा. हातात उलथनं तसंच.

"महाराज, देवराईचं पान आमच्या घरात कुणी चुलीत घातलं न्हाई. माझा नवरा थंडीनं कुडकुडत मेला, पर हितली काटकी आणली न्हाई. आन् तुम्ही झाडू मारायला सांगता?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. ओसरीवर दहा-पंधरा माणसं होती. तो सावकाश बोलू लागला.

"काकी, पाचोळा म्हणजे गेलेल्या दिवसांचा संचय. माणूस त्याच्यावर पाय ठेवून चालतो आणि समजतो, ही भूमी. भूमी खाली असते. परंपरेचं पान वाळलं की तेही झाडावं लागतं. जो आपल्या अंगणातलं झाडतो त्याचं अंतःकरण झाडलं जातं. हा खराटा मी शिष्याच्या हातात देत नाही, मनात देतो आहे."

कुणीतरी "वा" म्हटलं. भिवराकाकी उलथनं घेऊन परत आत गेली. जाता जाता म्हणाली, "बोलायला काय, जिभेला हाड नसतंय." ते चुलीनेच ऐकलं.

शिष्य मात्र उभाच होता. "बाबा, एक विचारू? पाखरू तर पाचोळ्यातलेच किडे खातं. तुम्हीच सांगितलं होतं. पानं गेली तर ते खाईल काय?"

"पाहिलंस?" म्हातारा मायेने म्हणाला. "किती गुंतला आहेस त्याच्यात. म्हणूनच सांगतो आहे."

झालं. यावर बोलायला जागाच उरत नाही. प्रश्न विचारला की प्रश्न हाच रोग ठरतो, आणि उत्तर द्यायची गरज संपते. ज्याने पहिल्यांदा ही युक्ती शोधली तो मोठा हुशार म्हातारा असला पाहिजे, कारण तेव्हापासून एकही म्हातारा वादात हरलेला नाही. शिष्याला खरंच वाटलं, आपण गुंतलो आहोत. त्याने खराटा घेतला.

तो झाडत गेला. मागून गावातल्या बाया पाट्या भरभरून नेत होत्या आणि म्हाताऱ्याला दुवा देत होत्या. पहिल्याच दिवशी खालच्या शेतांत धूर दिसू लागला. पाचोळ्याखालची माती काळी, ओली, जिवंत निघाली. तिच्यावर ऊन पडलं तसे तिच्यातले हजारो बारीक जीव सैरावैरा झाले. कावळे आणि साळुंक्या उतरल्या, त्यांची चंगळ झाली. दुसऱ्या दिवशी माती करडी पडली. तिच्यावर पाय उमटेनासा झाला.

म्हातारा दगडावर बसून बघत होता. आता पाखरू कुणाकडेच येत नव्हतं. त्याला बरं वाटत होतं. आपल्याला मिळत नाही ते दुसऱ्यालाही मिळत नाही, याच्यात एक ऊब असते. ती ऊब ज्यांनी घेतली आहे त्यांना कळेल.

तिसऱ्या दिवशी शिष्य करवंदीच्या जाळीपाशी पोचला. तो जिथे रोज बसे त्याच्या अगदी मागे पानांचा एक उंचवटा होता. खराटा तिथवर गेला आणि त्या उंचवट्यातून काहीतरी उंदरासारखं सुळकन पळालं. त्याने खराटा थांबवला, ओणवा झाला. तो उंचवटा पोकळ होता. वाळक्या पानांचं छप्पर, बाजूला बोटभर रुंदीचं दार, आत मुळं आणि गवताचे धागे, आणि त्यात तीन अंडी. पांढुरकी, वर लालसर ठिपके.

शिष्य खाली बसला आणि एकटाच हसायला लागला. त्याला सगळं उलगडलं. चोचीतलं ते पान कुणाला वाहिलेलं नव्हतं. एक आखूड निघालं ते टाकलं आणि लांब ते उचललं, इतकंच. पाखरू घर बांधत होतं. जाळीकडे जायच्या वाटेत एक माणूस बसलेला होता आणि तो हलत नव्हता, म्हणून त्याच्या पायावरून जायचं. आणि त्या माणसाला तिथे बसवलं कुणी होतं?

तो धावत दगडाकडे गेला. "बाबा, चला. लौकर चला. गंमत दाखवतो."

म्हातारा काठी टेकत आला. शिष्याने बोटाने दाखवलं, आवाज खाली आणून. "घरटं आहे. ते माझ्याकडे येत नव्हतंच मुळी. घरट्याकडे येत होतं. तुम्ही मला इथे बसवलंत, तर इथून त्याची वाट होती. तुम्ही बसला असता तर तुमच्या पायावरून गेलं असतं. बघा, उगीच..." आणि तो थांबला.

"उगीच काय?"

शिष्याने घरट्यावरची एक काटकी अलगद उचलली.

"उगीच काय, सांग."

"उगीच तुम्हाला त्रास झाला."

म्हाताऱ्याचं तोंड काळवंडलं. त्याचा हेवा शिष्याला दिसत होता, आणि दिसतो आहे हे शिष्य आजवर लपवत आला होता. पण आता शब्द निघून गेलेले होते, आणि पोरगा मनाने सरळ होता. तो पुढे म्हणाला, "बाबा, त्यात काय एवढं? मलाही तुमचा हेवा वाटायचा. पहिल्या वर्षी तर फार. ते तुमच्या जवळ यायचं, मी मागे बसून मनात त्याला शिव्या घालायचो. एकदा मुद्दाम खोकलोसुद्धा. तुम्हाला वाटलं थंडी. काकीनं काढा दिला."

म्हाताऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला.

"दोन दिवस कडू काढा पीत होतो त्या खोकल्यापायी," शिष्य म्हणाला. "बाबा, नुसतं 'हो' म्हणा. हो, वाटला हेवा. दोघं हसू आणि सोडून देऊ. ही एवढी जागा झाडायची राहू दे. अनुज्ञासुद्धा यंदा नको, पुढच्या वर्षी द्या. नका देऊ हवं तर. मी बसतो इथंच."

मी म्हणतो, त्या क्षणी म्हातारा 'हो' म्हणणार होता. त्याने तोंड उघडलं होतं. काठीवरचा हात सैल पडला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा श्वास बसताना होतो तसा खाली उतरला होता. एक अक्षर होतं, आणि ऐकायला समोर एकटा पोरगा होता, जो ते आधीच जाणून होता आणि त्याने ते आधीच सोडून दिलं होतं. यापेक्षा स्वस्त क्षमा कुणाला मिळत नाही.

"महाराऽऽज!" हिरड्याचा व्यापारी उत्सवाची माणसं घेऊन चढण चढून येत होता. धापा टाकत, घाम पुसत. "आहात का? वा वा, गुरू-शिष्य दोघेही इथेच! काय स्वच्छ केलीय हो जागा! एवढाच तुकडा का राहिला? पोरगं दमलं वाटतं?"

पन्नास-साठ माणसं जाळीभोवती गोळा झाली. सगळ्यांचे डोळे म्हाताऱ्यावर.

म्हाताऱ्याने तोंड मिटलं.

"बाबा," शिष्य हळूच म्हणाला.

"शिष्य म्हणतो, एवढा पाचोळा राहू द्या," म्हातारा सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्याचा जीव अडकला आहे इथे. झाडण्यात कठीण असतो तो शेवटचा हातभर तुकडा. तो कुणाला झाडवत नाही. तेव्हा गुरूला वाकावं लागतं." आणि त्याने काठी टाकली, शिष्याच्या हातातून खराटा घेतला, आणि वाकून झाडू लागला.

त्या म्हाताऱ्या कंबरेला वाकताना पाहून माणसांत हुंदका फुटला. एवढा मोठा महात्मा आणि हातात खराटा! व्यापाऱ्याने पगडी काढली. पुढची बाई खाली बसली आणि तिने हात जोडले. दोन फटकाऱ्यांत छप्पर गेलं. तिसऱ्यात आतलं गवत पाचोळ्याबरोबर लांब गेलं. त्यात काय होतं ते फक्त दोघांना माहीत होतं. जाळीच्या आतून पाखरू एकसारखं ओरडत होतं, बारीक, चिडक्या आवाजात. व्यापारी पगडी छातीशी धरून म्हणाला, "ऐका, पाखरूसुद्धा गातंय!"

म्हातारा कण्हत सरळ झाला. खराटा शिष्याकडे देत म्हणाला, "हात मळले की मन उजळतं, बाळ. हे लक्षात ठेव. उत्सवात तुला अनुज्ञा देणार आहे."

म्हणजे तीही दिली. असं बोलून त्याने पोराचं तोंड बांधलं, आणि देताना स्वतःला उदारही वाटून घेतलं. माणसं त्याच्या पाया पडायला दाटली.

शिष्याने खराटा घेतला, जाळीला टेकवून ठेवला. मग वाकला. लोकांना वाटलं नमस्कार करतोय. तो पाचोळ्यात बोटं फिरवत होता. दोन अंडी फुटली होती. तिसऱ्याला चीर गेली होती. त्याने ते उपरण्याच्या टोकात धरलं आणि गर्दीतून वाट काढत मठाकडे गेला. त्याला कुणी अडवलं नाही, सगळ्यांची पाठ त्याच्याकडे होती.

भिवराकाकी भाकऱ्या थापत होती. त्याने टोक उघडून दाखवलं.

"फुटलं?"

"त्यांनी फोडलं. बघून."

काकीने तवा उतरवला. अंड्याकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. "जातोस?"

"जातो."

"उद्या-परवा तुझ्या डोक्यावर हात ठेवणार हाय म्हातारा. येवढी वर्सं काढलीस, दोन दिस काढ. मग जा कुठं जायचं तिकडं. बाप घरात घील."

शिष्याने चुलीबाहेर आलेलं लाकूड आत सारलं. ती अनुज्ञा त्याला हवी होती. अजूनही हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. ती डोक्यावर घेऊन उतरला असता तर खोऱ्यात त्याची पालखी निघाली असती.

"काकी, ती घेतली तर मला कायम म्हणावं लागेल की आज त्यांनी पाचोळा झाडला," तो म्हणाला. "मी शिकवायला बसलो की माझ्या समोरची पोरंही तेच शिकतील. मग त्यांच्यातल्या कुणाचं माझ्यापेक्षा जरा बरं जमलं, तर मी काय करीन हे मला आत्ताच माहीत आहे. खराटा कसा धरायचा ते दाखवून ठेवलंय त्यांनी."

काकीने दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या, वर चटणी ठेवली. "बाप उंबऱ्यात घीना तर?"

"तर उंबऱ्याबाहेर बसेन. बसायला शिकलोय मी."

काकी हसली आणि लगेच तिने तोंडाला पदर लावला.

तो मागच्या दाराने निघाला तेव्हा पुढच्या ओसरीवर म्हाताऱ्याचं प्रवचन रंगात आलेलं होतं. विषय होता अहंकार. शिष्याने वळून पाहिलं. गर्दीच्या डोक्यांवरून म्हाताऱ्याची आणि त्याची नजर मिळाली. शिष्याच्या मनात राग होता, पण म्हाताऱ्याच्या नजरेत त्याला दिसली ती भीती, एखाद्या लहान पोराची असते तशी. तेव्हा त्याला समजलं, की हा माणूस जंगलासमोर शांत बसायला शिकला, पण माणसांसमोर कधी बसलाच नाही. माणसांसमोर तो नेहमी उंचावर उभा होता, आणि तिथून खाली उतरायची वाट त्याला कुणी दाखवली नव्हती. आज एकाने दाखवली होती. शिष्याने लांबूनच हात जोडले आणि तो घाट उतरू लागला.

उत्सवात म्हातारा व्यासपीठावर बसला, आणि शिष्याचं आसन रिकामं राहिलं. त्याने सांगितलं, शिष्य साधनेला गेला आहे, त्याच्या अंतरीची हाक त्याला आली. लोकांनी त्यालाही माना हलवल्या.

पुढच्या फाल्गुनात झाडांनी पुन्हा पानं टाकली, जमीन पुन्हा झाकली गेली, आणि कारवीतून शीळही ऐकू येऊ लागली. रानाला कुणाची माफी लागत नाही. म्हातारा दगडावर बसायचा. लोक येतच होते, व्यापारी तेल-तांदूळ आणतच होता. प्रवचनं अधिकच गाजू लागली.

ज्यांच्या हातात आज अनुज्ञा देणं आहे त्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं. वाटलेला हेवा कबूल करायला एक अक्षर पुरतं. लपवायला अख्खं रान झाडावं लागतं.

म्हाताऱ्याला आयुष्यात एकच शिष्य मिळाला. तो गेला, आणि दुसरा झाला नाही.